संलग्नता देणाऱ्या मोठ्या विद्यापीठाचे धोरणात्मक नियोजन, कामगिरीचे मोजमाप आणि शैक्षणिक नेतृत्व : महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या संदर्भात

प्रस्तावना :

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात 'नियोजन' हा शब्द नवा नाही. पंचवार्षिक योजनांच्या काळात विद्यापीठे आपापल्या योजना तयार करीत आणि त्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाकडून (यूजीसी) अनुदान मिळवीत. त्या योजनांचे स्वरूप प्रामुख्याने मागणीपत्राचे असे. किती इमारती, किती पदे, किती उपकरणे, एवढ्यावर त्यांचा भर राहत असे. धोरणात्मक नियोजन ही त्याहून वेगळी प्रक्रिया आहे. संस्थेला काय साध्य करावयाचे आहे, त्यासाठी कोणती कामे हाती घ्यावयाची व कोणती जाणीवपूर्वक बाजूला ठेवावयाची, प्रत्येक कामाची जबाबदारी कोणाची आणि ते साध्य झाले हे कशावरून ओळखावयाचे, या चार प्रश्नांची स्पष्ट उत्तरे म्हणजे धोरणात्मक नियोजन होय.

आज महाराष्ट्रातील प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाकडे योजनाही आहे आणि कामगिरीची आकडेवारीही आहे. परंतु योजना एका कक्षात तयार होते, कामगिरीची आकडेवारी दुसऱ्या कक्षात गोळा होते आणि विद्यार्थ्याला विद्यापीठाचा प्रत्यक्ष अनुभव येतो तो तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे महाविद्यालयात व परीक्षा विभागात. हे तीन धागे एकत्र आणणे हेच मोठ्या विद्यापीठातील नेतृत्वाचे मुख्य काम आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :

१) धोरणात्मक नियोजनाची संकल्पना विद्यापीठाच्या संदर्भात स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील नियोजनाच्या चौकटीचा परिचय करून देणे.
३) कामगिरी मोजण्याच्या प्रचलित पद्धतींचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.
४) नियोजन व कामगिरी यांची सांगड घालण्यासाठी नेतृत्वाने करावयाच्या कामांची मांडणी करणे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :

धोरणात्मक नियोजनाची कल्पना उद्योगजगतातून शिक्षणात आली. जॉर्ज केलर यांच्या 'अॅकॅडेमिक स्ट्रॅटेजी' (१९८३) या ग्रंथामुळे अमेरिकेतील विद्यापीठांत तिला प्रतिष्ठा मिळाली. ब्रिटनमध्ये १९८५ च्या जॅरेट समितीच्या अहवालाने विद्यापीठांनी दीर्घकालीन योजना कराव्यात, कामगिरीचे निर्देशक ठरवावेत आणि कुलगुरूंनी केवळ विद्वानांचे प्रमुख न राहता कार्यकारी प्रमुखाचीही भूमिका बजवावी, असे सुचविले. पुढे रॉबर्ट कॅप्लन व डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेली 'बॅलन्स्ड स्कोअरकार्ड' ही पद्धतही अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. केवळ आर्थिक आकड्यांवरून संस्थेची कामगिरी ठरवू नये, हे तिचे सूत्र होते.

याच काळात या कल्पनेची चिकित्साही झाली. विद्यापीठात मूळ काम, म्हणजे अध्यापन व संशोधन, हे प्राध्यापक स्वतःच्या व्यावसायिक निर्णयाने करतात. त्यामुळे वरून आलेला आदेश वर्गापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही, हे हेन्री मिंट्झबर्ग यांनी दाखवून दिले. कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांचे वर्णन सैल जोडणीच्या व्यवस्था असे केले. अशा व्यवस्थेत एका विभागातील बदलाचा दुसऱ्या विभागावर होणारा परिणाम मंद व अनिश्चित असतो. मिंट्झबर्ग यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक मुद्दा मांडला. नियोजन हे विश्लेषणाचे काम आहे, तर धोरण हे संश्लेषणातून घडते. म्हणून योजनेचा दस्तऐवज तयार झाला म्हणजे धोरण ठरले असे होत नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लागू पडतो.

मोठ्या विद्यापीठाचे वेगळेपण :

पाश्चात्त्य ग्रंथांतील विद्यापीठ बहुतांशी एका परिसरात किंवा मोजक्या परिसरांत सामावलेले असते. आपले मोठे विद्यापीठ तसे नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत पसरलेले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ पुणे, अहिल्यानगर व नाशिक या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांना संलग्नता देते. अशा विद्यापीठात परिसरातील पदव्युत्तर विभाग हा लहान भाग असतो. बहुसंख्य विद्यार्थी शेकडो संलग्न महाविद्यालयांत शिकतात.

या रचनेचे तीन परिणाम होतात. पहिला, महाविद्यालयांचे व्यवस्थापन स्वतंत्र संस्थांकडे असल्याने कुलगुरूंचा अधिकार आदेशापेक्षा मान्यता, तपासणी व परीक्षा यांच्या मार्गाने चालतो. दुसरा, शिक्षकांची पदे मंजूर करणे व भरतीस परवानगी देणे हे शासनाच्या हाती असल्याने कामगिरीचा एक मोठा घटक विद्यापीठाच्या नियंत्रणाबाहेर राहतो. तिसरा, विद्यार्थी, पालक व प्राध्यापक यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे प्रामुख्याने अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल होय. म्हणूनच योजनेत नवे केंद्र वा नवे अध्यासन कितीही ठळक असले, तरी निकाल वेळेवर लागला नाही तर विद्यार्थ्याच्या लेखी त्या योजनेला अर्थ उरत नाही.

या विस्ताराला उपाय म्हणून विभाजनाचा मार्ग महाराष्ट्राने वेळोवेळी स्वीकारला. पुणे विद्यापीठातून १९९० मध्ये जळगावचे, शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूरचे आणि नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तर संलग्नता पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तथापि विभाजनाने आकार कमी होतो, नियोजनाची सवय आपोआप लागत नाही.

कायद्यातील चौकट :

१९९४ च्या विद्यापीठ कायद्यात नियोजनाचे काम महाविद्यालये व विद्यापीठ विकास मंडळाकडे (बीसीयूडी) होते. २०१६ च्या अधिनियमाने, जो १ मार्च २०१७ पासून अमलात आला, ही रचना बदलली. विद्याशाखा चार झाल्या, पूर्णवेळ अधिष्ठाता आले आणि नियोजनाची जबाबदारी अधिष्ठाता मंडळाकडे आली. अधिनियमाच्या कलम १०७ नुसार विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत् आराखडा व त्याला अनुसरून वार्षिक योजना तयार करावयाची असते. आराखड्यास मुख्यमंत्री अध्यक्ष असलेल्या महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाची (माहेड) मान्यता लागते. आराखड्याशी सुसंगत नसलेला नव्या महाविद्यालयाचा अर्ज विचारात घेता येत नाही, असे बंधन कलम १०९ ने घातले आहे.

या तरतुदींचा हेतू व्यापक आहे. शिक्षणाच्या सोयी नसलेल्या भागांना प्राधान्य, सामाजिक समता, रोजगाराशी निगडित अभ्यासक्रम अशा बाबी आराखड्यात अपेक्षित आहेत. व्यवहारात मात्र चर्चा होते ती प्रामुख्याने स्थळबिंदूंची. कोणत्या तालुक्यात किती नवी महाविद्यालये, कोणत्या विद्याशाखेची, हा प्रश्न संस्थाचालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो व तो आराखड्याचा बराचसा भाग व्यापतो. आराखडा तयार होताना महाविद्यालयांकडून माहिती मागविली जाते; ती विहित नमुन्यात भरून पाठविली की प्राचार्य व प्राध्यापक यांचा आराखड्याशी असलेला संबंध बहुधा संपतो. आधीपासून चालू असलेल्या महाविद्यालयांची गुणवत्ता पाच वर्षांत कोठून कोठे न्यावयाची, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. थोडक्यात, विस्ताराचे नियोजन होते, पण गुणवत्तेचे नियोजन अहवालापुरते राहते.

पंचवार्षिक कालचक्रांचा मेळ :

नियोजनातील एक अडचण फारशी चर्चिली जात नाही. विद्यापीठात पाच वर्षांची तीन कालचक्रे एकाच वेळी फिरत असतात. बृहत् आराखडा पाच वर्षांचा असतो. २०१९ ते २०२४ च्या आराखड्यानंतर २०२४ ते २०२९ चा आराखडा आला. कुलगुरूंचा कार्यकाळ अधिनियमानुसार कमाल पाच वर्षांचा किंवा वयाच्या पासष्ट वर्षांपर्यंतचा असतो व त्यांना पुनर्नियुक्ती मिळत नाही. नॅकच्या मानांकनाची मुदतही सर्वसाधारणपणे पाच वर्षांची राहिली आहे. ही तीन चक्रे एकाच वर्षी सुरू होतील अशी कोणतीही व्यवस्था नाही.

परिणामी नव्या कुलगुरूंना पूर्वीच्या नेतृत्वाने केलेला आराखडा राबवावा लागतो, तर त्यांनी स्वतः केलेल्या आराखड्याचे फळ पुढच्या कुलगुरूंच्या काळात दिसते. अशा वेळी आराखडा बाजूला ठेवून आपल्या कार्यकाळात पूर्ण होतील अशा उपक्रमांकडे वळण्याचा मोह स्वाभाविक आहे. यावर उपाय व्यक्तीत नसून व्यवस्थेत आहे. आराखडा व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद व अधिसभा यांच्या चर्चेतून घडला आणि दरवर्षी तेथेच तपासला गेला, तर तो एका व्यक्तीचा न राहता विद्यापीठाचा होतो. कुलगुरूपदाची सूत्रे हस्तांतरित होताना योजनेची लेखी स्थिती, म्हणजे काय पूर्ण झाले, काय अडले आणि का अडले, ही नव्या कुलगुरूंना मिळणे तितकेच आवश्यक आहे.

कामगिरीचे मोजमाप : सामर्थ्य व मर्यादा :

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकने आपल्या महाविद्यालयांना स्वतःबद्दल लिहिण्याची सवय लावली, हे मान्य केले पाहिजे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष (आयक्यूएसी) आणि वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल (एक्यूएआर) यांमुळे पूर्वी कपाटात पडून राहणारी माहिती एकत्र आली. सात निकषांपैकी सहाव्या निकषात, म्हणजे प्रशासन, नेतृत्व व व्यवस्थापन यात, धोरणाची आखणी व अंमलबजावणी हा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. २०१७ मध्ये नॅकने स्वीकारलेल्या चौकटीत एकूण १००० गुणांपैकी संशोधन, नवोपक्रम व विस्तारकार्य या निकषाला विद्यापीठांसाठी २५० गुण होते. संलग्न महाविद्यालयांसाठी मात्र अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन या निकषाला ३५० गुण होते. म्हणजे विद्यापीठाची उंची संशोधनावर आणि महाविद्यालयाची उंची अध्यापनावर मोजली जात होती. २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या एनआयआरएफ क्रमवारीतही संशोधनाला मोठा वाटा मिळाला.

यातून एक विसंगती निर्माण होते. विद्यापीठाला क्रमवारीत वर जाण्यासाठी परिसरातील विभागांच्या संशोधनाकडे लक्ष द्यावेसे वाटते. पण विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी ज्या महाविद्यालयांत शिकतात, त्यांच्या अध्यापनाची स्थिती विद्यापीठाच्या स्वतःच्या गुणपत्रकात फारशी उमटत नाही. जे मोजले जाते त्याकडे संस्था वळते आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू दुर्लक्षित होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. एखादा निर्देशक उद्दिष्टच बनला की तो निर्देशक म्हणून निकामी होतो, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व आहे. प्राध्यापकवर्गाला याचा अनुभव शोधनिबंधांच्या बाबतीत आलेला आहे. यूजीसीने २०१० च्या नियमावलीत शैक्षणिक कामगिरी निर्देशक (एपीआय) आणले व पदोन्नतीसाठी गुणांकन सुरू झाले. हेतू संशोधनास चालना देण्याचा होता. परंतु गुण संख्येला मिळू लागले, तेव्हा शुल्क घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उदयास आली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर आलेली यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. आकडा वाढला म्हणजे काम वाढले, असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक योजनाकाराने हा इतिहास लक्षात ठेवावा असा आहे.

मुंबई विद्यापीठ, २०१७ : एका बदलाचा धडा :

नियोजन आणि कामगिरी यांची फारकत झाली की काय होते, याचे सर्वज्ञात उदाहरण मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये घडले. त्या वर्षीच्या उन्हाळी सत्राच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा (ऑनस्क्रीन मूल्यांकन) निर्णय घेण्यात आला. उत्तरपत्रिका स्कॅन करावयाच्या, प्राध्यापकांनी त्या संगणकावर तपासावयाच्या आणि गुण थेट प्रणालीत जावयाचे, अशी ही पद्धत होती. उद्दिष्ट चांगले होते : पारदर्शकता, अचूकता आणि वेगवान निकाल. कामाचा आवाका ४७७ परीक्षा व सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका इतका होता.

प्रत्यक्षात निकाल रखडले. तत्कालीन राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलै २०१७ ही मुदत दिली. तीही पाळता आली नाही व निकालांचे काम सप्टेंबरपर्यंत लांबले. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी अडचणीत आले. महाविद्यालयांत प्राध्यापकांना अध्यापनाचे तास बाजूला ठेवून मूल्यांकनासाठी बसावे लागले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

या घटनेचा विचार केवळ तंत्रज्ञानाचे अपयश म्हणून करणे अपुरे ठरेल. नियोजनाच्या दृष्टीने तिच्यातून चार गोष्टी निघतात.

पहिली, बदलाचा टप्पा. एखाद्या विद्याशाखेत एक-दोन सत्रे प्रयोग करून त्रुटी दूर केल्या असत्या, तर धोका मर्यादित राहिला असता. दुसरी, क्षमता. प्रणाली घेणे सोपे असते. हजारो प्राध्यापकांचे प्रशिक्षण, केंद्रांवरील संगणक आणि इंटरनेटची स्थिती व स्कॅनिंगची अचूकता यांची तयारी कठीण असते आणि तिला वेळ लागतो. तिसरी, पर्यायी व्यवस्था. ठरलेल्या तारखेपर्यंत विशिष्ट प्रमाणात काम झाले नाही तर जुन्या पद्धतीकडे वळावयाचे, असा निर्णयबिंदू आधीच ठरलेला असावा लागतो. चौथी, निर्देशक. परीक्षा संपल्यापासून शक्यतो ३० दिवसांत व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल जाहीर करावा, तसे न झाल्यास कारणांचा अहवाल द्यावा, अशी तरतूद कायद्यातच आहे. म्हणजे विद्यापीठाच्या कामगिरीचा सर्वांत महत्त्वाचा निर्देशक विधिमंडळाने आधीच ठरवून दिला आहे. प्रश्न फक्त तो योजनेच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा आहे.

नेतृत्वाची कामे :

वरील विवेचनावरून मोठ्या विद्यापीठाच्या नेतृत्वासाठी पुढील कामे सुचविता येतील. येथे नेतृत्व म्हणजे केवळ कुलगुरू नव्हेत. प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी आणि प्राचार्य या सर्वांचा त्यात समावेश होतो.

१) मोजके निर्देशक निवडणे : नॅक व एनआयआरएफसाठी शेकडो बाबींची माहिती गोळा होते. ती आवश्यक असली तरी तिच्यावर विद्यापीठ चालविता येत नाही. निकालास लागलेले दिवस, मंजूर पदांपैकी पूर्णवेळ भरलेल्या पदांचे प्रमाण, विहित वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण, पुनर्मूल्यांकनात बदललेल्या गुणांचे प्रमाण आणि तक्रार निकाली निघण्यास लागलेला कालावधी, असे पाच-सात निर्देशक नियमित पाहिले गेले तरी पुष्कळ साध्य होईल.

२) नियंत्रणातील व नियंत्रणाबाहेरील बाबी वेगळ्या करणे : पदभरतीची परवानगी नसताना रिक्त पदांसाठी महाविद्यालयास जबाबदार धरणे न्याय्य नाही. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर किती कार्यभार चालतो, याची खरी आकडेवारी शासनापुढे व माहेडपुढे मांडणे हे मात्र विद्यापीठाचे कर्तव्य आहे. आकडा शिक्षेसाठी वापरला तर तो सजविला जातो. निर्णयासाठी वापरला तर खरा सांगितला जातो.

३) योजनेला अर्थसंकल्पाशी जोडणे : अधिसभेपुढे येणाऱ्या अर्थसंकल्पात प्रत्येक मोठी तरतूद आराखड्यातील कोणत्या उद्दिष्टासाठी आहे, याचा उल्लेख असावा. ज्या उद्दिष्टाला तरतूद नाही ते उद्दिष्ट नसून इच्छा होय.

४) काय करावयाचे नाही हे ठरविणे : नवे पदविका अभ्यासक्रम, नवी केंद्रे, नवे सामंजस्य करार यांची यादी दरवर्षी वाढते. जुने व निष्प्रभ उपक्रम बंद करण्याचा निर्णय अप्रिय असतो, परंतु तो घेतल्याशिवाय मनुष्यबळ मोकळे होत नाही.

५) महाविद्यालयांना योजनेत स्थान देणे : यूजीसीने २०२४ मध्ये संस्थात्मक विकास आराखड्याविषयी (आयडीपी) मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाचा आराखडा आणि विद्यापीठाचा बृहत् आराखडा हे एकमेकांना धरून असावेत. एका जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा विषयतज्ज्ञ यांची देवाणघेवाण करावी, असे जिल्हास्तरीय उद्दिष्ट ठेवल्यास लहान महाविद्यालयांनाही आराखड्याचा उपयोग होईल.

६) नियमित आढावा : दर तीन महिन्यांनी व्यवस्थापन परिषदेपुढे एका पानाचे प्रगतिपत्रक ठेवावे व ते संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे. पाच वर्षांनी होणाऱ्या मूल्यांकनापेक्षा तीन महिन्यांनी होणारी लहान तपासणी अधिक उपयुक्त ठरते, कारण तिच्यात चूक दुरुस्त करण्यास वेळ शिल्लक असतो.

प्राध्यापकांची भूमिका :

नियोजन हे प्रशासनाचे काम आहे, अशी समजूत प्राध्यापकवर्गात आढळते. ती पूर्णतः चुकीची म्हणता येणार नाही, कारण प्राध्यापकांचा नियोजनाशी संबंध बहुधा नमुने भरण्यापुरता येतो. तथापि अभ्यासमंडळ, विद्या परिषद, अधिसभा व महाविद्यालय विकास समिती या सर्व ठिकाणी प्राध्यापकांचे प्रतिनिधी असतात. आराखड्याचा मसुदा या व्यासपीठांवर वाचला जावा, त्यातील उद्दिष्टे व आपल्या विषयाचे वास्तव यांची तुलना व्हावी, एवढा आग्रह प्राध्यापकांनी धरला तरी आराखड्याचा दर्जा सुधारेल. वर्गात काय चालते याचे ज्ञान प्राध्यापकांकडेच असते. ते ज्ञान योजनेत आले नाही, तर वाइक यांनी वर्णिलेली सैल जोडणी अधिकच सैल होते.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रात विद्यापीठीय नियोजनाची कायदेशीर चौकट उपलब्ध आहे, तिचा वापर विस्तारासाठी अधिक व गुणवत्तेसाठी कमी झाला आहे.
२) आराखडा, कुलगुरूंचा कार्यकाळ व मानांकन यांची कालचक्रे जुळत नसल्याने सातत्य टिकविण्याची जबाबदारी प्राधिकरणांवर येते.
३) राष्ट्रीय निर्देशक उपयुक्त असले तरी संलग्न महाविद्यालयांतील अध्यापनाचे चित्र विद्यापीठाच्या मूल्यांकनात पुरेसे उमटत नाही.
४) निर्देशक हेच उद्दिष्ट बनले की त्याची विश्वासार्हता कमी होते, हे संशोधन नियतकालिकांच्या अनुभवाने सिद्ध केले आहे.
५) मोठा बदल टप्प्याटप्प्याने, क्षमता तपासून व पर्याय ठेवूनच राबविला पाहिजे.

समारोप :

मोठ्या विद्यापीठाचे नेतृत्व म्हणजे भव्य योजना जाहीर करणे नव्हे. सात जिल्ह्यांत विखुरलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला वेळेवर अभ्यासक्रम, वेळेवर परीक्षा, वेळेवर निकाल आणि वर्गात पूर्णवेळ शिक्षक मिळावा, यासाठी योजना, निधी, मनुष्यबळ व आढावा यांची एकत्र मांडणी करणे हे ते काम आहे. संलग्नता पद्धत पुढील काळात बदलेल, महाविद्यालये स्वायत्त होतील, क्रमवारीचे निकषही बदलत राहतील. अशा संक्रमणकाळात आराखडा हा केवळ शासनास सादर करावयाचा दस्तऐवज न राहता विद्यापीठातील प्रत्येक घटकाने एकमेकांस दिलेले वचन ठरावे आणि त्या वचनाचा हिशेब दरवर्षी अधिसभेत मांडला जावा, हीच अपेक्षा आहे.